फुल टाकीवर बंद

वडीगोद्री मागं टाकून चार किलोमीटर झाले नसतील, गाडीनं पुन्हा तोच दगा दिला. आधी ॲक्सिलेटर पोकळ झाला. पाय तळाला टेकलेला, पण जोर नाही. मग इंजिन दोनदा अडखळलं आणि साधा धूरसुद्धा न टाकता गप झालं. वसंतानं उरलेल्या वेगावर गाडी कडेच्या मुरमावर घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टेअरिंगवर मूठ हाणली. मागं दहा टन सळई, वर मार्चचं ऊन, आणि दोन महिन्यांतली ही सातवी वेळ.

खाली उतरून त्यानं चाकांना दगड लावले. फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला आणि इंजिनाच्या कुशीतला हाताचा छोटा पंप दाबायला घेतला. या पंपानं टाकीतलं डिझेल ओढून घ्यायचं, लायनीत शिरलेली हवा बाहेर काढायची आणि परत सेल्फ मारायचा, हे काम त्यानं तीस वर्षांत हजारदा केलेलं. शंभर दाब दिले. दोनशे दिले. अंगठ्याचं कातडं सोललं, पण स्क्रूतून थेंब आला नाही. फेससुद्धा आला नाही. टाकी मात्र गच्च होती. सकाळी जालन्यातून निघताना त्याच्या डोळ्यांदेखत एकशे साठ लिटरची टाकी भरली होती. पोटात एवढं डिझेल घेऊन इंजिन तहानेनं मरत होतं.

त्यानं मालकाला फोन लावला. लावायची इच्छा नव्हती, पण टाकीची चावी मालकाकडं होती आणि गाडी बंद पडली की पहिला फोन आपल्यालाच आला पाहिजे असा त्याचा हुकूम होता.

"परत?" मुकुल म्हणाला.

"व्हय साहेब, परत. वडीगोद्रीच्या पुढं."

"तीच जागा."

"जागा तीच न्हाई. मागल्या वेळेस अंबडच्या पुढं होतो."

"मला शिकवू नकोस. लोकेशन पाठव. आणि मी येईपर्यंत टाकीजवळ उभंसुद्धा राहायचं नाही. कळलं?"

वसंतानं फोन खिशात टाकला आणि मुद्दाम टाकीलाच टेकून बसला.

ही गाडी अठ्ठ्याण्णव सालची. मुकुलच्या वडिलांनी, शरदचंद्रांनी, नोकरी सांभाळून घेतलेली. वसंता तिच्यावर एकोणीस वर्षं होता. टेंभुर्णीहून तरणाबांड आला आणि हिच्याच केबिनीत त्याचे केस पांढरे झाले. शरदचंद्र काही देवमाणूस नव्हते. पाणी पाजताना तांब्या वरूनच धरायचे, पण डिझेलचा हिशेब त्यांनी कधी मागितला नाही. त्यांना गुडघ्यांनी घरात बसवलं आणि पुण्याहून घरी येऊन कॉम्प्युटरवर काम करणारा मुकुल मालक झाला. पहिल्या महिन्यात "अहो वसंतराव" होतं. मग डिसेंबरात त्यानं फोनवर ड्रायव्हर लोक डिझेल कसं काढतात याचे व्हिडिओ बघितले, आणि जानेवारीत "अरे वसंता" झालं. माणूस हलका करायला एवढंच लागतं, एक 'अहो' काढून घ्यायचा.

त्याच महिन्यात गाडी तीन दिवस जालन्याच्या एका वेल्डिंगवाल्याकडं राहिली. परत आली ती टाकीला जाड लोखंडी झाकण घेऊन. आत रबराची चकती, वर कडी, कडीला पितळी कुलूप, आणि चावी मुकुलच्या जुडग्यात. वर नवा नियम. टाकी जालन्यातच भरायची, त्याच्यासमोर, फुल. वाटेत डिझेल घेणं बंद. परत आल्यावर तो स्वतः टाकीत काठी घालून माप घ्यायचा.

आणि त्याच महिन्यापासून गाडी बंद पडायला लागली.

तीन मेकॅनिक झाले. एकानं फिल्टर बदलले. दुसऱ्यानं टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप नवा टाकला. तिसऱ्यानं इंजिनाचा मोठा पंप उतरवून दुरुस्तीला पाठवला, पाच दिवस गाडी उभी राहिली. तिघांच्याही गॅरेजात ती तासन् तास धडधडत राहिली, एकदाही थांबली नाही. रस्त्याला लागली की अंबड, वडीगोद्री, नाहीतर शहागड. मुकुल कारनं यायचा, कुलूप काढून काठी घालायचा, मग वसंतानं चार दाब दिले की भसकन डिझेल यायचं आणि गाडी सुरू. सहाच्या सहा वेळा. यातून मुकुलनं जे काढायचं ते काढलं.

सव्वा तासानं पांढरी कार आली. मुकुल उतरला, काळा चष्मा कपाळावर चढवला. वसंता टाकीला टेकून बसलेला त्यानं बघितला आणि त्याच्या ओठाची एक कड वर गेली.

"उठ."

वसंता उठला. मुकुलनं कुलूप काढलं, झाकण उचकटलं. ते घट्ट बसलं होतं, दोन्ही हात लावावे लागले. सस्स करून आवाज झाला. मग त्यानं खुणा केलेली काठी आत घातली, वर काढली, ओला भाग बोटानं मोजला आणि फोनवर काहीतरी ठोकलं.

"किती किलोमीटर झाले?"

"अट्ठेचाळीस."

"आणि बारा-तेरा लिटर गेलं. पाचचा ॲव्हरेज पाहिजे होता. बाकीचं कुठं गेलं?"

"दहा टन लोड हाय साहेब. सत्तावीस वर्षांची गाडी हाय. पाचचा ॲव्हरेज तिनं जवानीत दिला न्हाई."

"पंप मार."

वसंतानं पंप दाबला. तिसऱ्याच दाबाला डिझेल आलं, फेस आला, मग स्वच्छ धार. त्यानं स्क्रू आवळला, वर चढून सेल्फ मारला. गाडी सुरू झाली. त्या क्षणी वसंताला त्या इंजिनाचा जेवढा राग आला तेवढा मुकुलचाही आला नव्हता.

"मशिनला माणूस ओळखता येत नाही, वसंता," मुकुल खालून म्हणाला. "मी आलो की चालू होते, मी गेलो की बंद पडते. म्हणजे बंद कोण पाडतं?"

"कुलूप तुमचं, चावी तुमची. डिझेल मी कुठून काढू, नाकातून?"

"खालचा पाइप सोडून. सगळं माहितीय मला."

त्यानं फोन वर धरला. वसंताला आधी कळलंच नाही. केबिनीच्या दारात, एक पाय पायरीवर, अंगठ्याला रक्त, असा त्याचा फोटो निघाला होता. मुकुलनं तिथंच उभ्या उभ्या टाइप केलं आणि स्क्रीन त्याच्यापुढं धरला. जालना जिल्ह्यातल्या मालकांचा ग्रुप. चारशे लोक. खाली वसंताचा फोटो, त्याच्या आधारकार्डाचा फोटो आणि दोन ओळी: 'वसंता, रा. टेंभुर्णी. डिझेल चोर. कोणीही गाडी देऊ नये.'

"पाठवलं," मुकुल म्हणाला. "बीडला माल उतरव, मग चावी दे आणि चालता हो."

वसंता बावन्न वर्षांचा होता. शेत नव्हतं, दुसरं काम येत नव्हतं. पण कामाचं नंतर. चारशे माणसांच्या खिशात आता तो चोर होता, आणि त्यातल्या निम्म्यांच्या गाड्या तो रस्त्यात ओढत आलेला, निम्म्यांच्या ड्रायव्हरांसोबत ढाब्यावर जेवलेला. जिथं थांबेल तिथं हा फोटो आधी पोचणार होता.

तो सावकाश खाली उतरला.

"आता गाडी बीडला जाणार न्हाई," तो म्हणाला. "आता शहागडला संघपालच्या गॅरेजात जाणार. तिथं हिचा आजार सापडल्याबिगर मी पुढं न्हेत न्हाई. तुम्हाला न्यायची तर हे स्टेअरिंग घ्या."

मुकुलला ट्रक चालवता येत नव्हता. बीडच्या ठेकेदाराचे दोन फोन येऊन गेले होते, स्लॅबची माणसं सळईची वाट बघत बसली होती. तो थुंकला आणि म्हणाला, "संघपाल. म्हणजे ड्रायव्हर तुमच्यातला आणि मेकॅनिकपण तुमच्यातला. छान."

तुमच्यातला म्हणजे कुणातला, हे त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. वसंताच्या आज्यानं छप्पन साली जुना धर्म सोडला, त्याला आता चौथी पिढी लागली. पुण्याला जाऊन आलेल्या, इंग्रजीत काम करणाऱ्या या पोराच्या जिभेवर तो 'तुमच्यातला' मात्र तसाच ताजा होता.

"व्हय," वसंता म्हणाला. "आमच्यातलाच. तुमच्यातले ग्रीसमधी हात घालत न्हाईत, मंग काय करू."

संघपालचं गॅरेज शहागडला, गोदावरीच्या पुलाच्या अलीकडं. पत्र्याचं छप्पर, खाली तेलानं काळी पडलेली जमीन. संघपाल चाळिशीचा, तोंडानं वाईट आणि हातानं चांगला. गाडी आत आली तेव्हा तो फोन बघत होता. मालकांच्या ग्रुपात तोही होता; रस्त्यात गाड्या बंद पडल्या की मालकांना मेकॅनिक लागतोच.

त्यानं वसंताला बाजूला घेतलं. "खरं सांग. काढलं का?"

"तूपण इचारून राह्यला?"

"इचारायलाच पाहिजे. माझं पोट या मालकांवर हाय. तुझ्यापायी मी खोटं बोललो अन् उद्या ते निघालं, तर इथं पंक्चर काढायलापण कोणी येणार न्हाई. काढलं असंल तर आताच सांग, मी हात लावत न्हाई."

वसंतानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. याच्या लग्नात त्यानं दोन दिवस पाणी वाहिलं होतं.

"एक थेंब काढला असंल तर ही गाडी माझ्या अंगावरून घाल," तो म्हणाला. "अन् सापडला न्हाई आजार, तर तुला मी परत तोंड दाखवणार न्हाई. आता पाना घे."

संघपालनं पाना घेतला. मुकुल खुर्ची ओढून टाकीशेजारी बसला. त्याला भीती अशी, की हे दोघं मिळून त्याच्या डोळ्यांत धूळ टाकतील. त्यानं स्वतःच कुलूप काढलं, झाकण उघडं ठेवलं आणि काठी मांडीवर घेतली. "माझ्यासमोर चालू द्या सगळं," तो म्हणाला. "टाकीतली लेव्हल मी बघणार."

संघपालनं फिल्टर काढले. स्वच्छ. फीड पंप सोडला, अंगठा लावून ओढ बघितली. "अंगठा गिळून राह्यलाय," तो म्हणाला, "पंप चांगला हाय." टाकीपासून येणारा पाइप सोडून त्यात हवा मारली, टाकीत बुडबुडे आले, म्हणजे पाइप मोकळा. सांधे तपासले, वॉशर बदलले. कुठंही डिझेल पाझरल्याचा ओलावा नव्हता. सगळं परत जोडून त्यानं इंजिन सुरू केलं. ते अर्धा तास चाललं. पाऊण तास चाललं. संघपालनं ॲक्सिलेटरला वीट लावली, तरी चाललं.

"गाडी बिलकुल बराबर हाय," संघपाल म्हणाला. हे म्हणताना त्यानं वसंताकडं बघितलं नाही.

मुकुल हसला. "मीपण तेच म्हणतोय दोन महिने."

 वसंता टाकीजवळ जाऊन उकिडवा बसला. टाकी चौकोनी, पत्र्याची, एकोणीस वर्षं त्यानं फडक्यानं पुसलेली; तिच्यावरचा प्रत्येक पोचा त्याला पाठ. त्यानं पुढच्या बाजूला पंजा फिरवला आणि थांबला. पत्रा आत गेला होता. मार बसल्याचा खड्डा नव्हता. ताटभर जागा सगळीकडून सारखी आत ओढलेली, उपाशी माणसाचं पोट असतं तशी. ही डिसेंबरात नव्हती.

"संघपाल, ही अशी बंद पडली तवा सातीच्या साती वेळा टाकी फुल होती," तो म्हणाला. "बीडहून परत येताना बरीच उतरलेली असती. त्या वाटंला एकदापण बंद पडली न्हाई. भरल्या पोटी मरती, अन् अर्ध्या पोटी पळती."

"परत येताना गाडी रिकामी असते," मुकुल म्हणाला. "लोड नसतो."

"मागल्या हप्त्यात सरकी भरून आणली. नऊ टन. तुम्हीच भाडं धरलं होतं."

मुकुलला पुन्हा राग आला. "मग गॅरेजमध्ये का नाही बंद पडत? आत्ता टाकी जवळजवळ फुलच आहे ना? सांगतो का. रस्त्यावर तू एकटा असतोस आणि गॅरेजमध्ये मी असतो. एवढाच फरक आहे."

टोमणा होता. पण वसंता त्याच्या तोंडाकडं बघत राहिला, मग त्याच्या मांडीवरच्या काठीकडं, मग उघड्या झाकणाकडं. रस्त्यात गाडी बंद असते तेव्हा हा नसतो. हा येतो, चावी लावतो, झाकण उचकटतो, सस्स होतं, आणि मग गाडी सुरू होते. गॅरेजात हा असतो आणि झाकण सारा वेळ उघडं असतं. तिन्ही गॅरेजात उघडं होतं. कारण हा चौकीदार काठी घेऊन टाकीवर बसलेला.

"बराबर हाय," वसंता म्हणाला. "फरक तुमचाच हाय."

तो उठला. "संघपाल, तुझ्याकडं कॅनमधी डिझेल हाय ना? टाकी गळ्यापर्यंत भर. पंपावाले चार बोटं मोकळी सोडतात, तेवढीपण सोडू नको. मंग झाकण लाव, कुलूप घाल."

"कशाला?" मुकुल उभा राहिला. "आता नाटकं बास झाली."

"साहेब, दोन महिने तुमचं नाटक चालू हाय. माझं अर्धा घंटा बघा."

संघपालला बहुधा तेव्हाच कळलं होतं.  त्यानं टाकी तोंडापर्यंत भरली, झाकण दाबून बसवलं, कडी घातली आणि मुकुलला विचारल्याशिवाय कुलूप चटकन दाबलं. इंजिन सुरू केलं, वीट लावली. गॅरेज आवाजानं भरून गेलं. तिघंही टाकीकडं बघत उभे राहिले, एकमेकांपासून लांब लांब. बीडच्या ठेकेदाराचा फोन आला. मुकुलनं कापला. परत आला. परत कापला.

दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. मुकुल घड्याळ बघून म्हणाला, "झालं का समाधान?"

त्यावर टाकी बोलली. ढब्ब करून पत्रा आणखी आत गेला. विसाव्या मिनिटाला इंजिन अडखळलं, वर-खाली झालं आणि वसंताच्या ओळखीच्या त्या पद्धतीनं, धूर न टाकता, गप झालं. वसंताचे दोन्ही हात पाठीमागं होते. ते त्यानं तसेच ठेवले.

संघपालनं स्वतः पंप दाबला. पन्नास दाब. कोरडा.

"आता चावी लावा साहेब," वसंता म्हणाला. "पण दमानं. झाकण एकदम उघडू नका."

मुकुलनं कुलूप काढलं. वसंतानं विडीच्या बंडलाचा पातळ कागद फाडला आणि झाकणाच्या फटीजवळ धरला. झाकण केसभर उचललं गेलं. सस्स झालं. गॅस बाहेर पडत असता तर कागद उडाला असता. कागद फटीला जाऊन चिकटला, थरथरला आणि अर्धा आत ओढला गेला. मग ढब्ब करून टाकीचं पोट बाहेर आलं.

"हवा," संघपाल म्हणाला. "डिझेल बाहेर जातंय, अन् त्याच्या जागंवर हवा आत यायला वाटच न्हाई. टाकी चोखून चोखून पंप मरतो. फुल टाकीत हवा लई थोडी, म्हणून जल्दी मरतो. उतरलेली असली तर मरत न्हाई." तो टाकीवर वाकला आणि नखानं वरचा रंग खरवडला. रंगाखाली वेल्डिंगचा ताजा गोळा निघाला. "हितं नळी होती. हवेची. प्रत्येक टाकीला असती. ही कुणी बुजवली?"

मुकुल हातातलं कुलूप उलटंपालटं करायला लागला.

"साहेब, तुम्हाला इचारून राह्यलो."

"मीच सांगितलं होतं," मुकुल म्हणाला. "त्या नळीतून बारीक पाइप घालून डिझेल काढतात. व्हिडिओत दाखवलं होतं. वेल्डिंगवाला काही बोलला नाही. त्यानं सांगायला पाहिजे होतं ना."

संघपाल हसला. चांगलं हसू नव्हतं ते. "त्यानं कामून सांगावं? तुम्ही म्हणाले नाक बुजव, त्यानं बुजवलं."

त्यानं ड्रिल आणून झाकणाला भोक पाडायला घेतलं. मुकुल बाजूला जाऊन ठेकेदाराशी बोलला, निघतोच आहे म्हणाला. परत आला तेव्हा चेहरा बराच सावरला होता.

"चला, झालं ते झालं," तो म्हणाला. "कारण सापडलं. वसंता, काढ गाडी."

वसंता विटेवर बसला होता. "ग्रुपवर काय टाकलंय ते?"

"डिलीट करतो."

"किती जणांनी बघितलं?"

मुकुलनं फोन बघितला आणि पालथा धरला. संघपालनं आपल्या फोनवर बघून सांगितलं, "दोनशे साठच्या वर. अन् पाच-सहा जणांनी पुढं पाठवतो म्हणून लिव्हलंय."

"मंग पुसून काय व्हतंय," वसंता म्हणाला. "टाका की खरं काय झालं ते."

मुकुलनं टाइप केलं आणि वाचून दाखवलं. "गैरसमजातून मेसेज गेला होता. कृपया दुर्लक्ष करावे."

"गैरसमज न्हाई. चूक. कुणाची ते लिव्हा."

"हे बघ वसंता, मी चारशे लोकांसमोर स्वतःला मूर्ख म्हणवून घेणार नाही."

"मला चोर म्हणताना चारशेच लोक होते."

"तुझा पगार वाढवतो. या महिन्यापासून."

संघपालनं ड्रिल थांबवली. "पगारावर थुंकतो," वसंता शांतपणे म्हणाला. "आवाज रेकॉर्ड करून टाका. तुमच्या तोंडानं. न्हाईतर सळई इथंच राहती. शहागडात आज दुसरा ड्रायव्हर मिळतो का बघा. मिळाला तरी तो आधी ग्रुपवर माझा फोटो बघंल अन् तुम्हाला इचारंल, कुलूपवाली गाडी हीच का."

मुकुलनं संघपालकडं बघितलं. "तू समजाव ना याला."

संघपालचं पोट मालकांवर होतं, हे त्यानं मघाशीच सांगितलं होतं. त्यानं ड्रिल खाली ठेवली, हात फडक्याला पुसले आणि बराच वेळ पुसत राहिला. "साहेब," तो म्हणाला, "तुम्ही न्हाई टाकलं तर मी टाकीन. मला यापेक्षा वाईट बोलता येतं."

मुकुल कारपाशी गेला, परत आला. फोन तोंडाजवळ धरला. पहिल्यांदा दोन शब्द बोलून खोडलं, परत सुरू केलं. "मी मुकुल बोलतोय. दुपारी आमच्या ड्रायव्हरबद्दल मी जे टाकलं ते चुकीचं होतं. टाकीला मी घट्ट झाकण बसवलं आणि हवेची नळी बंद करून घेतली, त्यामुळं गाडी बंद पडत होती. त्यानं डिझेल काढलेलं नाही."

"चोर न्हाई म्हणा. नाव घेऊन."

"...वसंता चोर नाही."

पाठवलं. मुकुलचा चेहरा लाल झाला होता, पण तो मोकळाही झाल्यासारखा दिसला, आणि वसंताला ते बघून आणखी राग आला.

"बीडला माल उतरवतो," वसंता म्हणाला, "अन् चावी तुमच्या घरी आणून देतो. दुसरा बघा."

मुकुल काहीतरी म्हणणार होता, तेवढ्यात संघपालच्या फोनवर ग्रुपची उत्तरं पडायला लागली. तो मोठ्यानं वाचत गेला. "एकानं हसायचं तोंड टाकलंय. दुसरा म्हणतो, भोक किती एमएमचं पाडायचं. तिसरा म्हणतो, माझ्या दोन्ही गाड्यांना तेच झाकण हाय, काल मंठ्याजवळ एक बंद पडली. हा म्हणतो, वेल्डिंगवाल्याचा नंबर द्या. परत एक, भोक किती एमएमचं."

"माझ्याबद्दल?"

संघपालनं वर-खाली सरकवून बघितलं. "न्हाई. तुझ्याबद्दल कोणी काही न्हाई." मग तो थांबला. "हे बघ. परतूरचा शिवाजीशेठ लिव्हतो, आमची पण अशीच बंद पडायची, मी तर गेल्या महिन्यात ड्रायव्हर काढला. पुढं दोन हसायची तोंडं."

वसंता विटेवरून उठला. शिवाजीशेठचा ड्रायव्हर अप्पाराव. अकरा वर्षं त्या गाडीवर, वसंतासोबत बारा गावचं पाणी प्यालेला. काढून टाकल्यावर तो परतूरच्या जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलायला लागला, साठीला आलेला माणूस. डिझेल काढताना सापडला, असं ढाब्यावर सगळे म्हणत होते. वसंताही म्हणाला होता, त्याच्या मनाला ते पटलंही होतं. अप्पारावचे दोन फोन त्या हप्त्यात आले. काम बघ म्हणणार, नाव खराब झालेल्या माणसासाठी कुणाच्या दारात जाऊ, असं वाटून त्यानं दोन्ही वेळा फोन वाजू दिला होता.

त्यानं नंबर काढला आणि लावला. पूर्ण वाजला, कोणी घेतला नाही. मुकुल म्हणाला, "अरे, निघतोस ना? पाच वाजत आले, तिकडं माणसं बसलीत." वसंतानं त्याच्याकडं पाठ केली आणि परत लावला.

"कोण?" पलीकडून आवाज आला. मागं मशीन चालू होतं.

"मी वसंता. टेंभुर्णीचा."

मशीनचा आवाज लांब गेला.

"आता कामून फोन केला?" अप्पाराव म्हणाला.

"शिव्या नंतर दे, सगळ्या ऐकून घेतो," वसंता म्हणाला. "तुझ्या गाडीच्या टाकीला नवं झाकण कवा बसवलं होतं, आधी ते सांग."